घट्ट हात, सैल हात

विणणाऱ्या बायका एकमेकींच्या हाताविषयी ज्या शब्दांत बोलतात, ते शब्द शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या कानावर पडले तर बोलणे पैशांचे चालले आहे असेच त्याला वाटेल. 'तिचा हात फार सैल आहे', 'हिचा इतका घट्ट की विचारू नका', असे आम्ही सर्रास म्हणतो. सैल हाताची बाई विणते तेव्हा टाके सुईवर लोंबकळत राहतात आणि वीण जाळीसारखी विरळ होते. घट्ट हाताच्या बाईचे टाके सुईला असे आवळून बसतात की दुसरी सुई आत घालताना तिला ओठ दाताखाली धरावा लागतो. मी या दुसऱ्या जातीची. हे मला चाळीस वर्षे ठाऊक होते. पण एकटीने विणत असताना त्याने काही बिघडत नव्हते, कारण माझे सगळेच सारखे घट्ट होते. सहा जणींनी मिळून एकच वस्तू विणायला घेतली, तेव्हा ते अडले.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्ही सहा मैत्रिणी दर गुरुवारी दुपारी तीन ते सहा या वेळात आळीपाळीने एकमेकींच्या घरी विणायला बसतो. येथे कोणाचीही नावे देत नाही. या कामात ज्या रंगाची लोकर जिच्या वाट्याला आली, त्या रंगानेच तिला ओळखलेले बरे. हळदी आमच्यात सर्वांत मोठी, पंच्याहत्तरी ओलांडलेली. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी शाळेतल्या मुलींनी जवानांसाठी मफलर विणले, त्यांतली ती एक. तिला आम्ही सगळ्या काकू म्हणतो, बाकीच्या आपापसांत अगं-तुगं. मोरपंखी अबोल आहे आणि तिची मुलगी अमेरिकेत असते. आकाशीचा हात क्रोशावर बसलेला, दोन सुयांवर ती नाइलाजाने येते. अबोली उत्साही आणि घाईची. डाळिंबी म्हणजे मी. आणि पोपटीच्या लेकीला गेल्या कार्तिकात सातवा महिना लागला होता.

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचे नाही, असा संकेत आपल्याकडे पुष्कळ घरांतून पाळला जातो आणि पोपटीच्या घरीही तो आहे. त्या बाळासाठी सगळ्यांनी मिळून चौकोन विणायचे आणि ते जोडून पांघरूण करायचे, ही गोष्ट आम्ही काढली तेव्हा ती हो म्हणेना आणि नाहीही म्हणवेना. शेवटी तिनेच वाट काढली. "कोणासाठी विणताय ते मला सांगू नका, माझे सात चौकोन मी विणून देते," असे ती म्हणाली. तीन महिने ते पांघरूण कोणासाठी आहे याचा एकदाही उच्चार झाला नाही, आणि गर्भवतीच्या आईनेच त्याचा सहावा हिस्सा विणला.

हिशेब असा होता. सहा इंची चौकोन, आडवे सहा आणि उभे सात, म्हणजे एकूण बेचाळीस, प्रत्येकीचे सात. रंग सहा, प्रत्येकीला एकेक, आणि जोडकामाला सायीचा रंग. तुळशीबागेतून प्रत्येक रंगाची शंभर ग्रॅम लोकर आणली. आपण लोकर म्हणतो खरे, पण दुकानात त्या नावाने मिळते ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते; तान्ह्या बाळाला ते टोचत नाही आणि रोज धुता येते, म्हणून मुद्दाम तेच घेतले. नक्षी कोणती, यावर एक पूर्ण गुरुवार गेला. अबोलीला जाळीची पाने हवी होती. काकूंनी ती एका वाक्यात उडवून लावली: जाळीच्या भोकात बाळाची बोटे अडकतात. तेव्हा दोन्ही बाजूंनी नुसते सुलट टाके विणायचे ठरले. ही वीण सर्वांत सोपी, पण तिच्यात एक गंमत आहे. प्रत्येक दोन ओळींची मिळून एक वरंब्यासारखी उंच रेघ दिसते, आणि जितके टाके तितक्या रेघा विणल्या की चौकोन साधारण आपोआप चौरस होतो, मोजपट्टी लावावी लागत नाही. आम्ही बत्तीस टाके आणि चौसष्ट ओळी धरल्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उतरवायचा, म्हणजे कडेला साखळी पडते आणि चारही बाजूंना बत्तीस-बत्तीस घरे मिळतात, हेही काकूंनीच सांगितले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र आम्ही ऐकली नाही. "आधी प्रत्येकीने चार इंचांचा नमुना विणा आणि मोजून आणा," असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. आमच्यापैकी एकही नवशिकी नव्हती. बाह्या, गळे, टोपडी, पायमोजे सगळे करून झालेले. चौकोनाला नमुना कसला विणायचा, असे प्रत्येकीला वाटले आणि कोणीच विणला नाही. सुई आठ नंबरची वापरायची एवढे मात्र आठवणीने ठरवले.

तीन आठवडे काम फार सुखाचे चालले. सुलट टाक्यांचे विणकाम हे गप्पांचे विणकाम आहे, डोळे वर करून बोलता येते. नुसते कोणी टाके मोजू लागले तर तिने डावे बोट उभे करायचे आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबायचे, अशी आमची रीत आहे. खाण्याचीही रीत आहे. भजी आणि वडे गुरुवारी बंद, कारण तेलाचे बोट फिक्या लोकरीवर कायमचे राहते. चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे आणि सोललेली संत्री चालतात. संत्र्यांवरून एकदा वाद झाला होता, पण तो या विषयात येत नाही.

चौथ्या गुरुवारी अबोलीने सगळ्यांचे झालेले चौकोन सतरंजीवर ओळीने मांडले आणि खोलीत कोणी बोलेना. काकू आणि पोपटी यांचे चौकोन नेमके सहा इंचांचे होते. आकाशीचे त्याहून किंचित लहान. माझे सव्वापाच इंच. मोरपंखीचे जवळजवळ पावणेसात. माझ्या चौकोनावर तिचा ठेवला तर माझा खाली पूर्ण दिसेनासा होत होता. बत्तीस टाके दोघींचे, चौसष्ट ओळी दोघींच्या, लोकर एकाच दुकानातली.

मी जे बोलले ते येथे लिहिणे भाग आहे. "तुझा हात फारच सैल आहे गं, थोडी लोकर ओढून धरत जा," असे मी मोरपंखीला म्हणाले, आणि ते म्हणताना माझ्या आवाजात घट्ट हाताच्या बायकांचा जो एक छुपा अहंकार असतो तो होता. घट्ट वीण म्हणजे नीटनेटके काम, असे आम्हाला लहानपणी कोणीतरी पटवून दिलेले असते. मोरपंखी काही बोलली नाही. तिने चौकोन उचलून पिशवीत ठेवले. पुढच्या गुरुवारी ती करंगळीला लोकरीचे दोन वेढे देऊन विणत होती, म्हणजे धागा सहज सुटू नये. बोटावर लाल वळ उठले होते, आणि तरीही चौकोन साडेसहाच्या खाली येत नव्हता.

दरम्यान आकाशीने तिच्यापुरते कारण शोधून काढले होते. क्रोशात धागा डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणलेला असतो, आणि ती दोन सुयांवर विणतानाही त्याच सवयीने धागा डावीकडेच धरते. आम्ही बाकीच्या उजव्या हाताने धागा सुईवरून फिरवून घेतो. त्यामुळे तिचा टाका थोडा आवळतो. या निमित्ताने आम्ही एकमेकींच्या हातांकडे प्रथमच लक्ष देऊन पाहिले. इतकी वर्षे समोरासमोर बसत होतो, पण मी टाका सुईच्या निमुळत्या टोकावरच विणते आणि टोकाच्या जाडीइतकाच तो लहान राहतो, हे मला त्या दिवशी काकूंनी दाखवले. टाका सुईच्या पूर्ण जाडीवर सरकवून मगच पुढचा घ्यायचा असतो. मी प्रयत्न केला. दहा टाके जमले आणि अकराव्याला हात मूळ पदावर आला. साठीनंतर हात बदलत नाही. सुई बदलता येते, आणि त्यावर मी सात नंबरची सुई घेतली.

सुई बदलण्याच्या या बोलण्यातूनच मोरपंखीचे कोडे उलगडले. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि ते उलटे चालतात: आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबर त्याहूनही बारीक. आकडा वाढला की सुई बारीक होते. हे असे का, हे मला कधी सुचलेच नव्हते. माझ्या यजमानांनी वीजमंडळात नोकरी केली आहे, ते पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं, हा तारेचा गेज आहे." आणि खरेच, त्या पद्धतीचे मूळ तारेच्या जाडीच्या मापात आहे, तारेतही गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. मी हे गुरुवारी मोठ्या रुबाबात सांगत होते, तेव्हा मोरपंखीने हातातली सुई डोळ्यांजवळ नेली. तिच्या सुया लेकीने अमेरिकेहून पाठवलेल्या, बांबूच्या, अतिशय सुंदर. त्यांवर आठचाच आकडा कोरलेला होता; पण अमेरिकेत नंबर सुलटे चालतात, आकड्याबरोबर जाडी वाढते, आणि तिथली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. चार मिलिमीटरच्या सुईला तिथे सहा नंबर म्हणतात. आठ हा आकडा दोघींच्या सुयांवर होता आणि त्यांच्यात पूर्ण एक मिलिमीटरचा फरक होता.

आकाशीने लगेच तिच्या हातात आपली आठ नंबरची सुई दिली आणि आम्ही सगळ्या आपले काम बाजूला ठेवून बघत राहिलो, जे योग्य नव्हते, कारण असे बघत असताना कोणाचाही हात बिघडेल. मोरपंखीने करंगळीचे वेढे सोडले आणि तासाभरात अर्धा चौकोन विणला. काकूंनी टेप लावला. रुंदी सहा इंच. काकूंच्या चौकोनाइतकी नेमकी. सैल हात तिचा नव्हताच. तिचा हात आम्हा सहा जणींत सर्वांत समतोल होता आणि मी महिनाभर तिला तो आवळायला लावत होते. मी माफी मागितली तर ती म्हणाली, "जाऊ दे गं, आधी हे उसवायला मदत कर." पाच चौकोन झाले होते. दोघींनी मिळून एका दुपारी ते उसवले. ती ओढत होती आणि मी गुंडाळत होते. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात, म्हणून तिच्या सैलसर लड्या करून, कोमट पाण्यात भिजवून, न पिळता दोरीवर टांगल्या. दोन दिवसांत लोकर बरीचशी सरळ झाली.

उसवणे हे ऐकायला दुःखाचे वाटते. प्रत्यक्षात ती माझ्या आठवणीतली या कामातली सर्वांत छान दुपार आहे. एका चौकोनात बत्तीस गुणिले चौसष्ट, म्हणजे २,०४८ टाके असतात आणि दोन-अडीच तास जातात. तोच चौकोन उसवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

अबोलीचा घोटाळा वेगळा होता. तिचे चौकोन मापाला बरे होते, पण कोपरे वळत होते, आणि ते सरळ करावेत म्हणून तिने घरी एका चौकोनावर वाफेची इस्त्री फिरवली. खऱ्या लोकरीला ओलसर वाफ मानवते, ती ओली असताना टाचण्या लावून हव्या त्या मापाला ताणताही येते. अ‍ॅक्रिलिकचे तसे नाही. उष्णता लागली की त्यातला उठाव कायमचा जातो आणि ते ओल्या भाकरीसारखे लुळे, वर चकाकणारे होते. काकूंच्या भाषेत 'लोकर मरते'. तो चौकोन मेला. एका चौकोनाला साधारण बारा ग्रॅम लोकर लागत होती, म्हणजे सातांना चौऱ्याऐंशी. तिच्याकडे उरलेल्या सोळा ग्रॅमांत एक नवा कसाबसा बसला, शेवटचा टाका बंद करताना हातात वीतभर धागा होता.

हे सारे निस्तरेपर्यंत मार्गशीर्ष संपत आला होता. माझे पाच चौकोन अजून सव्वापाच इंचांचेच होते, नंतरचे दोन सहाच्या जवळ आलेले, आणि मलाही उसवावे लागणार असे मी धरून चालले होते. २०१६ साली चेन्नईत देशभरातून आलेले क्रोशाचे चौकोन जोडून ११,००० चौरस मीटरहून मोठे पांघरूण झाले आणि त्याचा गिनीजमध्ये विक्रम नोंदला गेला. हजारो हातांचे ते जुळले आणि आपले सहा जणींचे जुळेना, असे मी वैतागून म्हणाले. त्यावर आकाशी म्हणाली, "मला क्रोशाची सुई घेऊ दे, मग बघ." एवढे दिवस ती जणू याच क्षणाची वाट पाहत होती.

तिची युक्ती अशी. प्रत्येक चौकोनाभोवती सायीच्या रंगाने मुक्या खांबांची, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांची, फेरी घालायची. कडेला बत्तीस घरे आहेत. तीन घरांत तीन खांब घालायचे आणि चौथे घर सोडायचे, म्हणजे प्रत्येक बाजूला नेमके चोवीस खांब बसतात, आणि कोपऱ्यात एकाच घरात जास्तीचे तीन, म्हणजे कोपरा गोल होत नाही. अशा एका फेरीने चौकोन दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सहा इंचांच्या चौकोनाला एकच फेरी, माझ्या बुटक्या चौकोनांना तीन. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत खांब वाढवायचे नाहीत, कोपरे तेवढे सांभाळायचे. शेवटी प्रत्येक चौकोन साडेसहाच्या आसपास आला आणि प्रत्येकाच्या बाजूला चोवीस खांब असल्याने जोडताना खांबाला खांब मिळत गेला. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून धरायचे आणि दोन्हींच्या खांबांतून सुई घालून मुक्या खांबांनीच जोडायचे. असे एकाहत्तर जोड होते. आकाशीने त्यातले निम्म्याहून अधिक एकटीने केले आणि त्या काळात ती आमच्याशी जरा अधिकाराने बोलत असे, जे आम्ही चालवून घेतले.

सायीची लोकर मध्येच संपली. नवा गुंडा आणला तर तो पिवळसर निघाला. वेष्टनावर शेड नंबर तोच होता, पण त्याखालचा लॉट नंबर वेगळा होता, आणि वेगवेगळ्या घाण्यांतून रंगवलेली लोकर डोळ्यांना वेगळी दिसतेच. सुरुवातीलाच एका लॉटचे दोन गुंडे घ्यायला हवे होते. जोड जुन्या लोकरीतच कसेबसे पुरवले आणि नव्या पिवळसर लोकरीने सगळ्या पांघरुणाला बाहेरून चार बोटांचा काठ विणला. आता तो काठ मुद्दाम वेगळा घेतल्यासारखा दिसतो.

शेवटचे काम धाग्यांच्या शेपट्या लपवण्याचे. बेचाळीस चौकोन, प्रत्येकाच्या रंगीत दोन आणि सायीच्या दोन, अशा १६८ शेपट्या जाड सुईने उलट बाजूच्या रेघांत मागे-पुढे ओवायच्या होत्या. याबद्दल लिहिण्यासारखे काहीही नाही. त्या गुरुवारी काकू म्हणाल्या की त्यांच्या आजोळी दुपारच्या वेळी शेजारणी जमून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायच्या, चार कोपऱ्यांना चौघी बसायच्या आणि मध्यावर भेटायच्या. त्यातही कोणाचा टाका कोणता हे ज्याला त्याला ओळखू यायचे. आम्हीही पांघरूण मध्ये पसरून चहूबाजूंनी बसलो होतो.

पोपटीच्या लेकीला माघात मुलगी झाली. पांघरूण बारशाच्या दिवशी दिले, आणि तोपर्यंत ते कोणासाठी होते हे पोपटीने आम्हाला अगदी निरागस चेहऱ्याने विचारले. लेकीला डॉक्टरांनी सांगितले होते की वर्षभर तरी झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण घालायचे नाही, म्हणून ते सतरंजीवर अंथरले आणि जागी असलेल्या मुलीला त्यावर ठेवले. जमलेल्या पाहुण्यांनी रंगांचे कौतुक केले. माझे डाळिंबी चौकोन दुरूनही ओळखू येत होते, कारण पाच चौकोनांभोवती सायीची चौकट इतरांच्या तिप्पट रुंद आहे. एका पाहुणीने विचारले की ही नक्षी कोणाला सुचली, आणि आकाशी काही बोलायच्या आत मोरपंखी म्हणाली, "हिलाच," आणि माझ्याकडे बोट दाखवले.

काकूंनी मात्र सुलट बाजूकडे पाहिलेच नाही. त्या खुर्चीवरून वाकल्या, पांघरुणाचा एक कोपरा उलटा केला, जसा विणणारी प्रत्येक बाई दुसरीचे काम हातात आले की करते, चष्मा नीट बसवला आणि बोटभर लांबीची एक राहून गेलेली शेपटी चिमटीत धरून पर्समधली कात्री काढली. शेपटी डाळिंबी होती.